भूमिकाप्रधान कृतिखेळ : सुलभता व सखोलता

भूमिकाप्रधान कृतिखेळ : संगणक, दूरचित्रवाणी-संचास जोडावयाचे क्रीडायंत्र किंवा भ्रमणध्वनी यांवर खेळावयाचा एक खेळप्रकार. ‘ॲक्शन रोल-प्लेइंग गेम’ या इंग्रजी नावाने तो सर्वत्र परिचित आहे. ह्या प्रकारात दोन भिन्न क्रीडापरंपरा एकत्र आल्या आहेत. एक परंपरा नजर व हात यांच्या चपळाईवर आधारलेल्या कृतिखेळांची; दुसरी, एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका स्वीकारून त्याचे गुण, कौशल्ये व साधनसामग्री क्रमाक्रमाने वाढवीत नेणाऱ्या भूमिकाखेळांची. पहिल्या परंपरेत खेळाडू स्वतः तरबेज होतो, तर दुसरीत त्याचे पात्र सामर्थ्यवान होते. भूमिकाप्रधान कृतिखेळात ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. या प्रकाराचे आकर्षण त्यातच आहे आणि त्याच्या रचनेतील मुख्य अडचणही त्यातूनच उद्‌भवते.

ही अडचण खेळाडूंच्या दोन वर्गांमुळे विशेष जाणवते. दिवसाकाठी तास-अर्धा तास मन रमविण्यासाठी खेळणारा हौशी खेळाडू हा एक वर्ग. त्याला नियमांचा अभ्यास करावयाचा नसतो; खेळ हाती घेताच तो खेळता यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. एकाच खेळात शेकडो तास घालवून त्यातील प्रत्येक आकड्याचा व संयोगाचा अभ्यास करणारा मुरब्बी खेळाडू हा दुसरा वर्ग. खेळ लवकर संपला किंवा त्यातील निर्णय निरर्थक ठरले, तर तो खेळाकडे पाठ फिरवितो. ह्या दोहोंना एकाच खेळात सामावून घेण्याच्या प्रश्नास सामान्यतः सुलभता व सखोलता यांच्या समतोलाचा प्रश्न असे म्हटले जाते. ‘समतोल’ या शब्दामुळे एक पारडे वर गेल्यास दुसरे खाली जाणारच, असा समज होतो. या खेळप्रकाराचा इतिहास मात्र तसे दर्शवीत नाही.

परिभाषा : या विषयाच्या चर्चेत काठिण्य, जटिलता व सखोलता या तीन संकल्पनांची वारंवार गल्लत होते. काठिण्य म्हणजे यश मिळविण्यास लागणारे श्रम व कौशल्य. शत्रूचा घाव जबर असणे किंवा तो चुकविण्यास अत्यल्प अवधी मिळणे, हे काठिण्य होय. जटिलता म्हणजे खेळण्यासाठी ध्यानात ठेवाव्या लागणाऱ्या गोष्टींची संख्या. सखोलता म्हणजे ज्यांचे उत्तर परिस्थितीनुसार बदलते, अशा अर्थपूर्ण निर्णयांची विपुलता. बुद्धिबळाचे नियम एका बैठकीत शिकता येतात, म्हणजे त्याची जटिलता मर्यादित आहे. परंतु त्याच्या सखोलतेस अंत नाही. याउलट एखाद्या तलवारीवर दहा गुणविशेष लिहिलेले असून त्यांपैकी एकच महत्त्वाचा असेल, तर उरलेले नऊ जटिलता वाढवितात. सखोलतेत त्यांची भर पडत नाही.

सुलभतेच्याही दोन बाजू आहेत. खेळात प्रवेश करणे सोपे असणे ही एक आणि खेळ जिंकणे सोपे असणे ही दुसरी. पहिली बाजू जवळजवळ प्रत्येक खेळाडूस हवीशी वाटते. दुसरी बाजू मुरब्बी खेळाडूला तर नकोच असते. पण पुष्कळदा हौशी खेळाडूलाही ती नको असते, कारण सहज मिळालेल्या विजयाचे मोल त्यालाही कळते. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तल्लीनतेच्या अवस्थेचे विवेचन केले आहे. आव्हान व क्षमता यांचा मेळ बसला असता मनुष्य तल्लीन होतो. आव्हान अधिक झाल्यास चिंता व कमी पडल्यास कंटाळा उत्पन्न होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. खेळ रचणाऱ्यांनी ही कल्पना पुढे मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. तथापि क्षमता प्रत्येक खेळाडूची वेगळी असते व एकाच खेळाडूची काळानुसार बदलते. त्यामुळे आव्हानाची एकच ठरीव मात्रा सर्वांना लागू पडत नाही.

उगम व विकास : भूमिकाखेळांचे मूळ कागद, पेन्सिल व फासे यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या बैठ्या खेळांत सापडते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्यात पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी इ. गुण आकड्यांनी दर्शविण्याची पद्धत रूढ झाली. मात्र या खेळात नियम सांभाळणारा एक सूत्रधार असतो व तो समोरच्या मंडळींची तयारी पाहून प्रसंगाचे काठिण्य कमी-अधिक करू शकतो. संगणकावर हा सूत्रधार नाहीसा झाला. त्याचे काम खेळाच्या रचनेलाच करावे लागले आणि समतोलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या रोग या खेळात भुयारांची रचना प्रत्येक वेळी संगणकाकडून नव्याने होत असे आणि पात्र मेले की खेळ मुळापासून सुरू करावा लागे. जपानमध्ये १९८४ मध्ये टॉवर ऑफ द्रुआगा, ड्रॅगन स्लेयर व हायड्लाइड हे खेळ आले. त्यांत पाळीपाळीने चाल करण्याऐवजी शत्रूशी प्रत्यक्ष वेळेत झुंजावे लागे. यांपैकी टॉवर ऑफ द्रुआगा हा नामको कंपनीचा, नाणे टाकून खेळावयाचा खेळ. त्याच्या साठ मजल्यांवरील गुप्त ठेवी मिळविण्याच्या अटी खेळात कोठेही सांगितलेल्या नव्हत्या. एकट्या खेळाडूस त्यांचा उलगडा होणे जवळजवळ अशक्य असल्याने खेळगृहांत जमणारे खेळाडू आपापले शोध एकमेकांना सांगत. सखोलता खेळाबाहेरच्या समूहावर सोपविण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. त्याचा पुढील काळातील आविष्कार खाली पाहावयास मिळेल.

डायब्लो व त्याची परंपरा : या प्रकाराला व्यापक लोकप्रियता मिळवून देणारा डायब्लो हा खेळ १९९६ च्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ब्लिझर्ड नॉर्थ या संस्थेतील डेव्हिड ब्रेव्हिक, मॅक्स शेफर व एरिक शेफर हे त्याचे प्रमुख निर्माते. आरंभी तो पाळीपाळीने चाल करण्याचा खेळ म्हणून योजला होता. पुढे त्यास प्रत्यक्ष वेळेचे रूप देण्यात आले. तत्कालीन भूमिकाखेळांत पात्र घडविण्यासाठीच बराच वेळ खर्ची पडे व आकड्यांचे लांबलचक तक्ते भरावे लागत. डायब्लोमध्ये योद्धा, तिरंदाज स्त्री व मांत्रिक या तिघांतून एकाची निवड केली की खेळ सुरू होई. चालणे, लढणे, वस्तू उचलणे, दार उघडणे या बहुतेक क्रिया माउसच्या एकाच कळीने होत. प्रवेश असा सोपा असला, तरी आत सोळा मजल्यांची भुयारे होती. त्यांची रचना व त्यांत सापडणाऱ्या वस्तू दर खेपेस बदलत. प्रवेशद्वार रुंद आणि अंतर्भाग खोल ही या प्रकाराची मूळ घडण येथे प्रथमच ठसठशीतपणे दिसून आली.

२००० मध्ये आलेल्या डायब्लो २ मध्ये हीच घडण अधिक विस्तारली. त्यात मूळची पाच पात्रे होती व पुढील वर्षीच्या पुरवणीने आणखी दोन वाढविली. प्रत्येक पात्रास दहा-दहा कौशल्यांचे तीन कौशल्यवृक्ष, म्हणजे एकूण तीस कौशल्ये होती. पातळी वाढली की एक कौशल्यगुण मिळे व तो कोठे घालावयाचा हे खेळाडू ठरवी. सर्वोच्च पातळी ९९ होती. संपूर्ण खेळ साधारण, दुःस्वप्न व नरक अशा तीन वाढत्या काठिण्यपातळ्यांवर पुन्हा खेळता येई. हौशी खेळाडू पहिली फेरी पुरी करून कथेचा शेवट पाहू शके. मुरब्बी खेळाडूच्या दृष्टीने पहिली फेरी केवळ प्रस्तावना असे. याशिवाय मरण पावलेले पात्र कायमचे गमवावे लागेल, अशी एक ऐच्छिक पद्धतही होती. कठोरतेची ही परमावधी कोणावरही लादलेली नव्हती.

या रचनेतील एक दोष मात्र दीर्घकाळ राहिला. एकदा घातलेला कौशल्यगुण परत काढता येत नसे. आरंभी अजाणतेपणी केलेली निवड अनेक तासांनंतर, नरक-पातळीवर, चुकीची ठरे आणि मग नव्या पात्रानिशी पहिल्यापासून सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसे. निवडीला त्यामुळे वजन प्राप्त झाले हे खरे. परंतु ज्यास पुरेशी माहिती नव्हती, त्याच्यावरच त्या वजनाचा सर्वाधिक भार पडला. २०१० मधील सुधारित आवृत्तीत गुणांची फेरवाटणी करण्याची सोय देण्यात आली.

आकड्यांची वाढ व खेळाडूंमधील अंतर : दोन वर्गांतील अंतर केवळ हस्तकौशल्यामुळे पडत नाही; ते खेळातील गणितामुळेही वाढते. समजा, एखाद्या पात्राचा मूळ आघात १०० एकक आहे आणि प्रत्येकी ५० टक्के वाढ देणाऱ्या सहा गोष्टी खेळात उपलब्ध आहेत. हौशी खेळाडूस त्यांपैकी दोन व मुरब्बी खेळाडूस सहाही मिळाल्या, असे मानू. वाढींची बेरीज होत असेल, तर हौशी खेळाडूचा आघात २०० व मुरब्ब्याचा ४०० एकक होतो, म्हणजे अंतर दुपटीचे राहते. तीच वाढ गुणाकाराने होत असेल, तर हौशी खेळाडूचा आघात २२५ आणि मुरब्ब्याचा सुमारे १,१३९ एकक होतो, म्हणजे अंतर पाचपटींहून अधिक होते. १,१०० एकक प्राणशक्तीचा शत्रू मुरब्बी खेळाडू एका घावात लोळवितो, तर हौशी खेळाडूस त्यासाठी पाच घाव घालावे लागतात व तेवढा वेळ शत्रूचा मारही सोसावा लागतो.

अशा परिस्थितीत शत्रूची प्राणशक्ती कोणतीही ठरविली, तरी ती एका वर्गास फार व दुसऱ्यास फार थोडी वाटणार हे उघड आहे. प्रत्यक्षातील खेळांत अशा वाढी सहाच नसतात, त्या कितीतरी अधिक असतात. गुणाकारांचे योग्य संयोग शोधून काढणे, हेच मुरब्बी खेळाडूच्या आनंदाचे मोठे साधन असल्याने ते काढूनही टाकता येत नाहीत. म्हणून बहुतेक निर्माते दोन्ही पद्धतींचे मिश्रण करतात : सहज मिळणाऱ्या वाढींची बेरीज व परिश्रमाने मिळणाऱ्या मोजक्या वाढींचा गुणाकार. पाथ ऑफ एक्झाइल या खेळात तर वस्तूवरील वर्णनाच्या शब्दयोजनेतूनच वाढ बेरजेची आहे की गुणाकाराची, हे कळते. नवख्याच्या दृष्टीस हा शब्दभेद क्वचितच पडतो, मुरब्ब्याचे मात्र सारे लक्ष त्यावर असते.

डायब्लो ३ चा अनुभव : १५ मे २०१२ रोजी प्रसिद्ध झालेला डायब्लो ३ हा या प्रश्नाच्या अभ्यासाचा महत्त्वाचा दाखला होय. आधीच्या खेळातील दोष टाळण्यासाठी निर्मात्यांनी गुणांची वाटणी खेळाकडे सोपविली; पातळी वाढली की पात्राचे गुण आपोआप वाढत आणि कौशल्ये केव्हाही, विनामूल्य बदलता येत. चुकीच्या निवडीची भीती अशा रीतीने नाहीशी झाली. परंतु त्याबरोबरच एका पात्राचे दुसऱ्याहून असलेले वेगळेपणही पुष्कळसे लोपले. एका पातळीची दोन सारखी पात्रे केवळ अंगावरील वस्तूंनीच ओळखावयाची, अशी स्थिती झाली.

वस्तू हेच वैशिष्ट्य उरले असता त्या विकत घेण्यासाठी खेळात लिलावगृह ठेवण्यात आले होते व त्यात खेळातील सोन्याप्रमाणे खरा पैसाही चालत असे. परिणामी शत्रूंशी लढून वस्तू शोधण्यापेक्षा लिलावात ती विकत घेणे सोयीचे ठरले. जे करण्यासाठी खेळ खेळावयाचा, तेच टाळणे फायद्याचे झाले. त्याच वेळी इन्फर्नो ही सर्वोच्च काठिण्यपातळी मात्र इतकी कठोर होती, की ती पुढे सौम्य करावी लागली. निर्णय फार सोपे आणि घाव फार जबर, असा हा विपरीत मेळ होता. काठिण्य वाढवून सखोलतेची उणीव भरून काढता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पुढील दुरुस्तीही तितकीच बोधप्रद आहे. १८ मार्च २०१४ रोजी लिलावगृह बंद करण्यात आले आणि २५ मार्च रोजी रीपर ऑफ सोल्स ही पुरवणी प्रसिद्ध झाली. काठिण्यपातळी खेळाडूस स्वतः निवडता येऊ लागली, सापडणाऱ्या वस्तू त्याच्या पात्रास अधिक उपयोगी पडतील अशी व्यवस्था झाली आणि कथा पुन्हापुन्हा न खेळता मोकळेपणी भ्रमण करण्याची पद्धत उपलब्ध झाली. या बदलांत प्रवेशाची सुलभता कोठेही कमी करण्यात आली नव्हती. तरीही खेळाला मुरब्बी खेळाडू पुन्हा लाभले. सुलभता हे मूळ दुखणे नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

पाथ ऑफ एक्झाइल : न्यूझीलंडमधील ऑक्लंड येथील ग्राइंडिंग गिअर गेम्स या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला हा खेळ याच्या उलट दिशेने गेला. त्यात सर्व पात्रांना मिळून एकच कौशल्यजाल असून त्यावर तेराशेहून अधिक गाठी आहेत. पात्रागणिक केवळ आरंभाचे स्थान बदलते. मूळ रचनेत सोन्याची नाणी नव्हती. वस्तूंचे गुण पालटविणारे निरनिराळे गोलकच चलन म्हणून वापरले जात. त्यामुळे प्रत्येक गोलक वापरावा की त्याने व्यापार करावा, हा निर्णय सतत घ्यावा लागे. दर तीन-चार महिन्यांनी नवा हंगाम सुरू होतो आणि त्यात भाग घेणारे सर्वजण रिकाम्या हातांनी आरंभ करतात.

या खेळाच्या सखोलतेविषयी दुमत नाही. परंतु तिचा एक अनिष्ट परिणामही दिसून येतो. कौशल्यजाल पाहून गोंधळलेला नवखा खेळाडू एखाद्या मुरब्ब्याने तयार केलेला आराखडा समोर ठेवून त्याबरहुकूम गाठी निवडीत जातो. पात्राचे गणित मांडण्यासाठी खेळाडूंनीच तयार केलेले स्वतंत्र संगणकीय कार्यक्रम वापरात आहेत. टॉवर ऑफ द्रुआगाच्या काळी खेळगृहात जे घडत होते, त्याचेच हे विस्तारित रूप. त्यातून खेळाडूंचा एक जाणता समाज उभा राहतो, हा लाभ खराच. पण दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयांची नक्कल करणाऱ्याच्या वाट्याला सखोलतेचा केवळ भार येतो, तिचा आनंद येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये प्राथमिक स्वरूपात उपलब्ध झालेल्या पाथ ऑफ एक्झाइल २ मध्ये पूरक रत्ने अंगावरील शस्त्र-चिलखतात न बसविता थेट कौशल्यालाच जोडण्याची पद्धत आणली गेली आणि गुणांची फेरवाटणी सोन्याच्या मोबदल्यात करता येऊ लागली. हा मोबदलाही लवकरच कमी करण्यात आला. कौशल्यजाल मात्र विशालच ठेवण्यात आले.

फ्रॉमसॉफ्टवेअरचे खेळ : जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीच्या हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या डेमन्स सोल्स (२००९), डार्क सोल्स (२०११) व एल्डन रिंग (२०२२) या खेळांत काठिण्यपातळी निवडण्याची सोय नाही. सर्व खेळाडूंना तोच शत्रू त्याच बळानिशी सामोरा येतो. मृत्यू आल्यास जमविलेली संपत्ती त्या जागी पडून राहते व ती परत मिळविण्याची एकच संधी असते. असे असूनही एल्डन रिंगच्या प्रती पहिल्या वर्षभरात दोन कोटींच्या घरात गेल्या.

या यशाचे कारण त्याच्या रचनेत शोधावे लागते. आधीच्या खेळांतील वाटा बहुधा अरुंद असत. एखादा बलाढ्य शत्रू आडवा आला, की खेळाडू तेथेच अडून पडे. एल्डन रिंगमध्ये विस्तीर्ण मोकळा प्रदेश असल्याने तो शत्रूला वळसा घालून अन्यत्र जाऊ शकतो आणि बळ वाढवून परत येऊ शकतो. साहाय्यासाठी आत्मे वा अन्य खेळाडू बोलाविता येतात. म्हणजेच सुलभता येथे आहे. परंतु ती सूचीतील पर्याय म्हणून मांडलेली नसून खेळाच्या जगातच साधनरूपाने ठेवलेली आहे. ती वापरणे हाही खेळातील एक निर्णयच ठरतो. या पद्धतीस मर्यादाही आहेत. दृष्टी, श्रवण वा हातांची हालचाल यांत उणीव असलेल्या व्यक्तींना लागणारी सुलभता निराळी असते. मोठी अक्षरे, रंगांतील बदल, कळींची इच्छेनुसार मांडणी या सोयींनी काठिण्य घटत नाही. केवळ खेळापर्यंत पोहोचण्यातील अडथळा दूर होतो. त्यांना काठिण्याच्या वादात ओढणे युक्त नव्हे.

समतोलाची साधने : उपर्युक्त अनुभवांतून काही साधने आता बहुमान्य झाली आहेत. (१) क्रमशः परिचय : सर्व पद्धती पहिल्याच तासात न मांडता एकेक पद्धत तिची गरज भासेल तेव्हा पुढे आणणे. (२) चुकीचा वाढता मोबदला : आरंभीच्या पातळ्यांवर निवड बदलणे फुकट वा स्वस्त आणि पुढे क्रमाने महाग ठेवणे. यायोगे नवख्यास प्रयोग करता येतात व मुरब्ब्याच्या निवडीस वजन राहते. (३) माहितीची उपलब्धता : गुणविशेषांचा अर्थ व गणित खेळातच सांगणे. २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या लास्ट इपॉक या खेळात नको असलेल्या वस्तू दृष्टीआड करणारी चाळणी खेळाचाच भाग म्हणून दिलेली आहे. (४) मार्गांची विभागणी : याच खेळात स्वतः शोधलेल्या वस्तूंवर निर्वाह करणाऱ्यांसाठी एक व व्यापार करणाऱ्यांसाठी दुसरा असे दोन संघ ठेवले असून प्रत्येकास वेगळे लाभ मिळतात. (५) जटिलतेची छाटणी : २०२३ मध्ये आलेल्या डायब्लो ४ मध्ये वस्तूंवर फार गुणविशेष असून त्यांपैकी अनेक विशिष्ट अटींवरच लागू होत. मे २०२४ मधील फेररचनेत त्यांची संख्या घटविण्यात आली आणि हवे ते गुण वस्तूवर स्वतः चढविण्याच्या पद्धती देण्यात आल्या. वाचावयाचे कमी झाले व ठरवावयाचे वाढले. जटिलता कमी करून सखोलता कशी वाढविता येते, याचे हे चांगले उदाहरण होय.

खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर करावयाच्या बदलांत विशेष सावधगिरी बाळगावी लागते. जुलै २०२३ मध्ये डायब्लो ४ च्या निर्मात्यांनी एका सुधारित आवृत्तीद्वारे सर्वच पात्रांचे सामर्थ्य घटविले असता हौशी व मुरब्बी अशा दोन्ही वर्गांतून तीव्र नाराजी व्यक्त झाली आणि निर्मात्यांना चूक मान्य करावी लागली. कष्टाने मिळविलेले बळ हिरावून घेतल्यास खेळाडूस ते आपल्या गेलेल्या वेळेचे नुकसान वाटते.

वेळ, पैसा व विश्वास : या प्रश्नाचे गांभीर्य खेळाडूच्या वेळेशी निगडित आहे. शत्रू मारल्यावर मौल्यवान वस्तू केव्हा मिळेल हे अनिश्चित असते. अनियमित अंतराने मिळणाऱ्या बक्षिसामुळे वर्तन दृढ होते, हे सी. बी. फर्स्टर व बी. एफ्. स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे दाखविले होते. या तत्त्वामुळे खेळात उत्कंठा निर्माण होते. पण निर्णयांची सखोलता नसेल, तर तेच तत्त्व खेळाडूस केवळ गुंतवून ठेवते. शेकडो तासांच्या पुनरावृत्तीला सखोलता म्हणणे ही यातील सर्वांत मोठी फसगत होय. एखाद्या खेळाची लांबी व त्याची खोली या भिन्न गोष्टी आहेत.

भ्रमणध्वनीवरील खेळांत ही बाब अधिक तीव्र होते. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला डायब्लो इम्मॉर्टल हा खेळ फुकट खेळता येतो. मात्र पात्राचे सामर्थ्य वाढविणारी रत्ने मिळविण्याच्या यादृच्छिक संधी पैसे देऊन घेता येतात. अशा यादृच्छिक विक्रीबाबतच्या निर्बंधांमुळे बेल्जियम व नेदर्लंड्स या देशांत तो प्रसिद्ध करण्यात आला नाही. अशा व्यवस्थेत सुलभता ही रचनेची देणगी न राहता विक्रीची वस्तू बनते. आधी वाट मुद्दाम लांब करावयाची व नंतर जवळची वाट विकावयाची, असा मोह निर्मात्यास पडतो. तेथे समतोलाचा प्रश्न रचनाशास्त्राचा न राहता व्यवसायनीतीचा होतो.

भारतातील स्थिती : भारतात संगणक व क्रीडायंत्रे यांपेक्षा भ्रमणध्वनीवर खेळणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक आहे, त्यामुळे थोडक्या वेळात खेळता येणाऱ्या सुलभ रचनेस येथे विशेष महत्त्व आहे. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक (२०२०) हा भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवरील खेळ देशाबाहेरही पोहोचला. तो पूर्णार्थाने भूमिकाखेळ नसून साहसप्रधान कृतिखेळ आहे. तथापि शस्त्रांचे सामर्थ्य टप्प्याटप्प्याने वाढविण्याची त्यातील योजना या प्रकाराशी नाते सांगते. मराठी भाषकांच्या दृष्टीने सुलभतेला भाषेचीही बाजू आहे. डायब्लो, पाथ ऑफ एक्झाइल व एल्डन रिंग या खेळांत मराठी मजकुराची सोय नाही. ज्या खेळाचे मर्म वस्तूवरील बारीक अक्षरांतील शब्दभेदात असते, तेथे परभाषा ही जटिलतेत भर घालते व ती सखोलतेचा कोणताही मोबदला देत नाही.

एकंदरीत पाहता, सुलभता व सखोलता एकमेकींच्या शत्रू नाहीत. दोघींनाही मारक ठरतात त्या अनावश्यक जटिलता, अर्थहीन पुनरावृत्ती व अन्यायाची शिक्षा. प्रवेश सर्वांना खुला असावा, खोली क्रमाक्रमाने उलगडावी, प्रारंभीची चूक सुधारता यावी आणि पुढील निवडीस मात्र किंमत असावी, अशी रचना ज्या खेळांनी साधली, ते दीर्घकाळ टिकले. अशा खेळात तासभर खेळून उठणारा व वर्षानुवर्षे खेळणारा हे दोघेही एकाच द्वाराने आत येतात. त्यांपैकी किती आत जावयाचे, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते.